मेट्रोच्या जमाखर्चातील न लिहिलेली बाजू

एखादे मोठे सार्वजनिक काम शहरात सुरू झाले की त्याचा खर्च दोन वह्यांत पडत असतो. एक वही शासनाची. तिच्यात कोट्यवधींचे आकडे असतात आणि त्यांची तपासणीही होते. दुसरी वही नागरिकांची. धूळ, वळसे, उशीर आणि तुटलेले गिऱ्हाईक यांची नोंद तिच्यात होते. पण ती कोणी मागत नाही. नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा हाती घेतला गेला असताना ही दुसरी वही उघडून पाहणे अगत्याचे आहे.

पहिल्या टप्प्याचे काम २०१५ साली सुरू झाले. सुमारे ३८ किलोमीटरच्या मार्गांसाठी ८,६८० कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला आणि जर्मनी व फ्रान्समधील वित्तसंस्थांकडून कर्जे घेण्यात आली. वर्धा मार्गावर खापरी ते सीताबर्डी ही गाडी मार्च २०१९ मध्ये धावू लागली. लोकमान्यनगरकडील मार्ग जानेवारी २०२० मध्ये खुला झाला. सेंट्रल एव्हेन्यू आणि कामठी मार्ग यांना मात्र डिसेंबर २०२२ उजाडेपर्यंत थांबावे लागले. मध्यंतरी कोरोनाचे संकट आले आणि गड्डीगोदाम येथे रेल्वेमार्गावर उड्डाणपूल व त्याहीवर मेट्रो नेण्याचे काम अवघड होते, हे मान्यच केले पाहिजे. तथापि दक्षिणेला मिळालेले फळ पूर्व व उत्तर नागपूरच्या हाती पावणेचार वर्षांनी पडले, हेही तितकेच खरे.

अर्थशास्त्र ज्याला सामाजिक परिव्यय म्हणते, तो हाच. पत्र्याच्या आडोशामागे दुकान झाकले गेले म्हणून त्याचे भाडे थांबत नाही. हातगाडीवाल्याची जागा गेली की त्याची त्या दिवशीची चूल अडते. वैशाखाच्या उन्हात लांबचा वळसा घेणाऱ्या रिक्षाचालकाला जादा इंधनाचे पैसे कोणी देत नाही. प्रकल्प अहवालात या रकमांना स्थान नसते; म्हणूनच विलंब शासनाला जितका महाग पडतो, त्याहून तो नागरिकाला अधिक महाग पडतो.

असे असूनही नागपूरकरांनी हे सारे सोसले ते आशेपोटी. हिंगण्याच्या कारखान्यात वेळेवर पोचू पाहणारा कामगार आणि इंदोऱ्याहून महाविद्यालयात जाणारी विद्यार्थिनी यांना स्वस्त व खात्रीचे वाहन हवे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेला सुमारे ६,७०० कोटी रुपयांचा, ४३.८ किलोमीटरचा दुसरा टप्पा कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीपर्यंत ही आशा नेऊ पाहतो.

म्हणूनच पहिल्या टप्प्याचा धडा आताच गिरवावा. प्रत्येक चौकात काम संपण्याची तारीख फलकावर लिहावी आणि ती चुकल्यास कारण सांगावे. खोदकामापूर्वी पर्यायी रस्ते दुरुस्त करावेत. विस्थापित विक्रेत्यांना तात्पुरती जागा द्यावी. मुख्य म्हणजे स्थानकापासून वस्तीपर्यंतच्या बसचे वेळापत्रक पहिली गाडी धावण्याआधीच तयार असावे. घरून स्थानक गाठता येत नसेल, तर खांबांवरून जाणारी गाडी ही केवळ पाहण्याची वस्तू ठरते.

कर्ज देणाऱ्या संस्थांना त्यांचे मुद्दल व्याजासह परत मिळेल. नागरिकांनी गुंतविलेल्या दिवसांची परतफेड मात्र वेळेवर आणि दारापर्यंत पोचणाऱ्या प्रवासातूनच व्हावयाची आहे.