झाकणाखाली पाच कट्ट्यांचा जोर

नायगावातल्या एखाद्या घरी इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये तुरीचं वरण लावलेलं असतं. शिट्टी नाही की खदखद नाही. पण आत काय चाललंय याचा हिशोब मांडला, तर थक्क व्हायला होतं. भांड्याचं तोंड साधारण 22 सेंटिमीटर आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा 70 किलोपास्कलने जास्त. म्हणजे वाफ झाकणाला सुमारे 270 किलो वजनाइतक्या जोराने वर रेटते. मोंढ्यात येणारे तुरीचे 50 किलोचे पाच कट्टे, वर आणखी वीस किलो! हा जोर झाकणाच्या कडेचे दाते पेलतात. ते दाते फिरून सुटू नयेत म्हणून आडवी येते बोटाच्या पेराएवढी एक पिन.

त्या पिनेचं काम बघण्यासारखं आहे. सुरुवातीला ती खाली पडलेली असते आणि तिच्या भोकातून आतली हवा बाहेर जाते. मग वाफ जोर धरते, पिन वर उचलली जाते, तिच्या बुडाची इवलीशी रबरी टोपी भोक बंद करते आणि झाकण जागच्या जागी अडकतं. लातूरसारख्या सुमारे 600 मीटर उंचीच्या गावात उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं; त्यापुढे कितीही जाळ घाला, पारा चढत नाही. दाबाखाली तेच पाणी 115 अंशांजवळ जातं आणि डाळ गळून जाते.

शिट्टीविना दाब कळतो कसा? अनेक कुकरांत दाब वाढला की भांडं खालच्या तव्याला किंचित दाबतं, तवा केसभर लवतो आणि तेवढ्यावर आतला स्विच वीज तोडतो. तव्याच्या मधोमध, स्प्रिंगवर बसवलेला तापमापक भांड्याच्या बुडाला टेकलेला असतो. तिथे तुरीचा एक दाणा अडकला, तरी त्याचा अंदाज चुकतो. म्हणून भांडं ठेवण्याआधी त्याचं बूड आणि तवा कोरड्या फडक्याने पुसावा.

बाकीचे बहुतेक बिघाड डाळ आणि पाणी या दोघांमुळेच होतात. डाळीचा फेस उसळून पिनेत आणि वाफेच्या नळीत जातो, तिथेच वाळतो. मग पिन उचलली जात नाही, वाफ निसटत राहते, पाणी आटतं आणि डाळ बुडाला लागते. कधी उलट होतं : पिन वरच चिकटते आणि झाकण उघडत नाही. डाळ लावताना भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि चमचाभर तेल घाला, फेस दबतो.

पाण्याची गोष्ट तर फार जुनी आहे. नांदेड-लातूरचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या दगडावर वसला आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्या दगडात झिरपतं, कॅल्शियम विरघळवतं आणि बोअरमधून जड होऊन वर येतं. तेच कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून बोअरच्या पाण्यात डाळ शिजायला वेळ घेते. तापलं की तेच पांढरा थर होऊन भांड्याला बसतं. त्या थरावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर घाला. बुडबुडे फसफसतात ना, तो कार्बन डायऑक्साइड : जमिनीतून पाण्याबरोबर आलेला वायू तुमच्या ओट्यावर मोकळा होतो.

सफाई सोपी आहे. आधी प्लग काढा. कुकर गार झाल्यावर झाकणाच्या आतली रबरी रिंग, पिन आणि तिची टोपी काढून कोमट पाण्यात साबणाने धुवा. वाफेची नळी बारीक ब्रशने साफ करा. रिंगला मसाल्याचा वास लागतो, ती पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवा. तवा आणि वायरी असलेला बाहेरचा डबा मात्र नळाखाली कधीच धरू नका. सगळं जागेवर बसवल्यावर पिन बोटाने वर ढकलून पाहा. सोडताच ती खाली पडली पाहिजे.

लाईट गेली म्हणजे दाब गेला, असं समजू नका. पिन आपोआप खाली पडेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. आणि रिंग सैल पडली किंवा चिरली, तर दोरा गुंडाळून काम भागवू नका. त्याच मॉडेलची नवी रिंग आणा. झाकणाखाली पाच कट्ट्यांचा जोर असतो, तिथे जुगाड चालत नाही.