हरंगुळला मेट्रोच्या डब्यांची वाट

३१ मार्च २०१८ रोजी लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डबे कारखान्याचं भूमिपूजन झालं, तेव्हा चर्चा होती ती मेट्रोच्या डब्यांची. मेट्रो मुंबई-पुण्यात धावेल, पण डबे मराठवाड्याचे असतील! त्याआधीची दोन वर्षं आठवली की या आशेचं वजन कळतं. एप्रिल २०१६मध्ये दुष्काळात मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली होती. पुढच्याच वर्षी लातूर-मुंबई एक्स्प्रेस बिदरपर्यंत नेली आणि लातूरकर रस्त्यावर उतरले.

राज्यात मेट्रोचं पर्व तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. वर्सोवा-घाटकोपर मार्ग २०१४चा. डबे चीनच्या नानजिंगचे. मार्च २०१९मध्ये नागपूर मेट्रो सुरू झाली, तिचे डबे डालियानहून, म्हणजे पुन्हा चीनमधूनच आले. मार्च २०२२मध्ये पुण्याचा नंबर लागला. तिथल्या गाड्या टिटागढ कंपनीच्या, आणि सुरुवातीच्या तर इटलीत बांधलेल्या. महिनाभरात मुंबईत दहिसर-अंधेरी पट्ट्यातल्या दोन मार्गिका खुल्या झाल्या. त्यांच्या गाड्या बंगळुरूच्या बीईएमएलने पुरवल्या. भुयारी मेट्रो-३साठी अल्स्टॉमच्या आंध्रातल्या श्रीसिटी कारखान्याची निवड झाली.

या यादीत हरंगुळ कुठेच नाही.

कारखाना मात्र उभा राहिला, तोही वेगाने. रेल विकास निगमने बांधकाम केलं आणि २५ डिसेंबर २०२०ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. वर्षाला २५० डब्यांची क्षमता ठरली होती. पण कारखान्याचं पोट मागणीवर चालतं, आणि इथे मोठं काम यायला २०२३ उजाडलं: रेल विकास निगम आणि रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या भागीदारीतल्या किनेट कंपनीला १२० वंदे भारत स्लीपर गाड्यांचं कंत्राट मिळालं. रात्रभराच्या प्रवासासाठीच्या या गाड्या. मेट्रो मागे पडली.

त्याचं फार दुःख करू नये. आयटीआय झालेल्या पोराला घराजवळ काम मिळालं, तर डबा मेट्रोचा की स्लीपरचा हा प्रश्न दुय्यम. खरी उणीव रुळांची आहे. नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचं तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा लांब वळसा पडतो. नांदेड ते लातूर रोड थेट मार्गाची मागणी जुनी आहे, आणि कारखान्याइतक्याच घाईने ती पुरी व्हायला हवी.