पिपा, ईसापूर आणि घाटघर

आमच्याकडे पोहायला शिकवायची पद्धत साधी होती. तेलाचा रिकामा पिपा घ्यायचा, त्याचं तोंड झाळून घ्यायचं, सुतळीने तो पोराच्या पाठीला बांधायचा आणि पोराला विहिरीत ढकलून द्यायचं. पोर आपसूक वर यायचं. मला शिकवताना मामांनी एक दिवस पिपा पाठीवरून सोडला आणि म्हणाले, "आता दाबून पाय बरं त्याले." दोन्ही हातांनी, मग अख्ख्या अंगाचा भार टाकून दाबला तेव्हा कुठे तो हातभर खाली गेला. हात सुटला आणि पिपा असा उसळला की माझ्या हनुवटीवर टेंगूळ आलं.

ते टेंगूळ म्हणजे मीच पाण्यात ठेव म्हणून ठेवलेली ऊर्जा होती, व्याज न लावता परत आलेली. हे कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

सूर्य आणि वारा यांची वीज साठवायला जगभर ज्या खटपटी चालू आहेत, त्यांतली एक हुबेहूब या पिप्यासारखी आहे. ऑस्ट्रियातल्या आयआयएएसए या संशोधन संस्थेतल्या ज्युलियन हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ती सविस्तर मांडली. समुद्राच्या तळाला नांगर टाकायचा आणि त्यावरून दोर घ्यायचा. दोराच्या टोकाला वायूने भरलेल्या नळ्यांचा मोठा तराफा असतो. वीज जास्त असली की मोटर दोर ओढते आणि तराफा खोल नेते. वीज हवी असली की दोर सैल सोडायचा. तराफा वर येऊ लागतो, दोर ताणला जातो, आणि तीच मोटर उलटी फिरून जनित्र होते. पिपा, पोराचे हात आणि हनुवटी, तिन्ही यात आहेत.

जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने २०१६ मध्ये याच घराण्यातला दुसरा प्रयोग बोडन सरोवरात केला. तीन मीटर व्यासाचा काँक्रीटचा पोकळ गोळा त्यांनी १०० मीटर खोल ठेवला. वीज साठवताना पंप त्यातलं पाणी बाहेर फेकतो आणि काढताना सरोवराचं पाणी टर्बाइनमधून आत घुसतं.

कल्पना ऐकायला गोड आहे, पण हिशेब केला की जरा घशात अडकते. पंधरा लिटरचा पिपा तीन मीटर खाली दाबला तर त्यात सुमारे ४४० ज्यूल साठतात. आपल्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटासाठी असे आठ हजार पिपे दाबून धरावे लागतील. विहिरीत एवढी जागा नसते आणि मामांना तेवढे भाचेही नव्हते.

पिप्याऐवजी घराच्या छतावरची हजार लिटरची काळी टाकी घेऊ, ती दबून चेपत नाही असंही धरू. ती रिकामी टाकी ४० मीटर पाण्याखाली ओढली तर एका युनिटाचा जेमतेम दहावा हिस्सा साठतो. ४०० मीटर नेली तर एक युनिट, ४,००० मीटर नेली तर दहा. म्हणजे या खेळात टाकीपेक्षा खोलीला किंमत आहे. म्हणूनच हंट यांचा डोळा तीन हजार मीटरहून खोल समुद्रावर आहे. ज्यांना डोंगर नाहीत पण दाराशीच खोल समुद्र आहे, अशा बेटांसाठी ती युक्ती आहे.

आता आपल्याकडे पाहू. यवतमाळ जिल्ह्याच्या कडेला पैनगंगेवर ईसापूरचं धरण आहे. आमच्या भागातलं एवढं पाणी दुसरीकडे एकत्र दिसत नाही. धरणाची उंची ५७ मीटर, म्हणजे पाण्याची खोली त्याहून कमीच. तिथे एका युनिटाला सात टाक्या तरी लागतील. बेंबळा, अरुणावती, पूस या बाकीच्या धरणांची नावं घेण्यातही अर्थ नाही. बरं, जिल्ह्याबाहेर समुद्र आहे म्हणाल, तर मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून दूर असूनही तिथे पाणी साधारण ७५ मीटरच आहे. कोकणासमोरचा समुद्र रुंद आहे, खोल नाही. तेव्हा तरंगणाऱ्या टाक्यांचा धंदा महाराष्ट्राच्या नशिबात नाही, असं माझं स्वच्छ मत आहे.

पण पिपा खाली दाबला तेव्हा विहिरीत आणखी एक गोष्ट झाली होती, आणि ती मला दिसली नव्हती. पिपा जेवढा बुडाला, तेवढं पाणी तिथून सरकून वर चढलं. पिप्याला उसळी देणारं दुसरं कोणी नव्हतंच. ते वर चढलेलं पाणीच आपल्या जागी परत येऊ पाहत होतं. म्हणजे साठवण पिप्यात नव्हती, उचललेल्या पाण्यात होती. मग पिपा हवा कशाला? सरळ पाणीच उचलून वर ठेवावं. तसं करायला ४०० मीटरची उभी उडी हवी, आणि ती महाराष्ट्राकडे आहे. फक्त ती पाण्याखाली नसून सह्याद्रीच्या कड्यावर आहे.

घाटघर हे गाव अकोले तालुक्यात, नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. (आमच्या अकोल्याशी गल्लत नको. ती आम्ही लहानपणी परीक्षेत केली आहे.) नगर म्हटलं की दुष्काळ आठवतो, पण घाटघरला त्या जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. रतनगड, कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग असा डोंगरांचा घोळका, मधून निघणारी प्रवरा, आणि तिच्यावर थोडं खाली १९२६ मध्ये पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण. गावाजवळ कोकणकडा आहे. तिथे जमीन एकाएकी संपते आणि खाली शहापूर तालुका सुरू होतो.

वीज साठवणाऱ्यांना याहून चांगली जागा मिळाली नसती. वर प्रवरेवर एक तलाव केला. खाली, ठाणे जिल्ह्यातल्या चोंढे गावाजवळ, दुसरा केला. दोन्ही तलावांत चारशे मीटरहून अधिक उंचीचं अंतर आहे. डोंगराच्या पोटातून बोगदे काढले आणि जमिनीखालच्या गुहेत १२५ मेगावॉटची दोन यंत्रं बसवली. जपानचं कर्ज, राज्याच्या जलसंपदा विभागाचं बांधकाम, चालवायला महानिर्मिती. २००८ मध्ये प्रकल्प सुरू झाला. धरणंही वेगळी आहेत. रोलरने थरावर थर दाबलेल्या काँक्रीटची अशी धरणं भारतात इथेच पहिल्यांदा झाली. त्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जोडीला औष्णिक केंद्रातली राख आहे. कोळशाची राख विजेचं कोठार सांभाळते आहे.

यंत्राकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण ते मला सगळ्यात आवडतं. पाणी वरून आलं की ते टर्बाइन असतं. उलटं फिरवलं की तेच पात्यांचं चाक पंप होतं आणि त्याच बोगद्यातून पाणी वर ढकलतं. जनित्राचीही मोटर होते. ते जमिनीखाली पुरण्याचं कारणही पंपातच आहे. पंपाला खालच्या बाजूने दाबाचं पाणी मिळालं नाही तर चाकाभोवती बुडबुडे होतात आणि फुटताना पोलाद कुरतडतात. म्हणून यंत्र खालच्या तलावाच्या पातळीहूनही खाली ठेवतात. आणि पंप सुरू करताना एवढं जड चाक एकदम पाण्यात फिरवणं परवडत नाही. तेव्हा अशा केंद्रांत सहसा आधी दाबाची हवा सोडून चाकाभोवतीचं पाणी खाली ढकलतात, चाक हवेत वेगाला आणतात, मग हवा सोडून देतात. म्हणजे इथेही पाण्याखाली दाबलेली हवा आहेच. पिपा पाठ सोडत नाही.

हजार लिटरची भरलेली टाकी चारशे मीटर उतरली की ढोबळ हिशेबाने एक युनिट मिळतं, हे वर आलंच आहे. घाटघर पूर्ण ताकदीने सहा तास चाललं तर १५ लाख युनिटं होतात, म्हणजे तितक्याच टाक्या उतरल्या. त्या पुन्हा वर चढवताना जास्त वीज लागते. अशा केंद्रांत शंभर युनिटं घातली तर सत्तर ते ऐंशी परत मिळतात. हा तोटा ऐकून काही लोक नाक मुरडतात. मला तो तोटा वाटत नाही, धान्य कोठीत ठेवलं की घुशीचा वाटा धरावाच लागतो. घाटघर एकटंही नाही: भिऱ्याला टाटांचं १५० मेगावॉटचं असंच यंत्र मुळशीच्या पाण्यावर आहे, पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचं छोटं आहे.

यवतमाळच्या माणसाचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: पाणी किती खर्च होतं? ज्यांनी इथली निळोणा आणि चापडोह ही धरणं कोरडी पडलेली पाहिलीत, त्यांनी तो विचारायलाच हवा. उत्तर असं, की एकदा तलाव भरले की तेच पाणी खालीवर होतं. उन्हाने उडतं आणि झिरपतं तेवढंच भरून काढायचं. घाटघरला तर हे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून कोकणात उतरतं आणि परत माहेरी येतं.

दुसरा प्रश्न आमच्या शेतांचा आहे. हरभरा, गहू ओलवायला आमच्याकडची माणसं वर्षानुवर्षं रात्री बॅटरी घेऊन, साप-विंचू सांभाळत शिवारात गेली. कृषी पंपांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, असं ते चक्र होतं. कारण उघड आहे. कोळशाचं केंद्र रात्री बंद करता येत नाही, शहरं झोपलेली असतात, मग ती वीज कोणी तरी घ्यायला हवी. घाटघरची रचनाही याच विचारातून झाली: रात्री उरलेल्या विजेवर पाणी चढवायचं, संध्याकाळी शहरांनी दिवे लावले की उतरवायचं. म्हणजे रात्रीची वीज रिचवायला राज्याकडे दोन पंप होते, एक घाटघरच्या गुहेतला आणि दुसरा आमच्या धुऱ्यावरचा. गुहेतल्याला थंडी वाजत नाही, एवढाच फरक.

सूर्याने हे वेळापत्रक उलटं केलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून, विशेषतः २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यापासून, शेतीच्या फीडरना दिवसा सौर वीज देण्याचं काम सुरू आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास नेणारं ऊन आमच्या वाट्याला आहेच. आता जास्तीची वीज दुपारी आहे आणि टंचाई सूर्य मावळल्यावर. तेव्हा पाणी दुपारी चढवावं आणि रात्री उतरवावं. यंत्र तेच राहतं, फक्त पाळी बदलते. राज्याने २०२३ मध्ये अशा केंद्रांसाठी स्वतंत्र धोरण आणलं, तेव्हापासून पश्चिम घाटात जागा हेरणाऱ्यांची गर्दी झाली आहे. तिथली रानं आणि तिथल्या महादेव कोळ्यांची गावं यांच्याकडे पाहून ती निवड व्हावी. एका कड्याला एक घाटघर पुरे.

आणि आमच्याकडे काहीच खोल नाही का? आहे, वणीच्या उघड्या कोळसा खाणी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किडस्टन इथे सोन्याच्या जुन्या खाणीतल्या दोन खड्ड्यांवर घाटघरएवढंच, २५० मेगावॉटचं केंद्र उभारायचं काम २०२१ मध्ये हाती घेतलं गेलं. पण त्यांचे काठ पक्क्या खडकाचे आहेत. कोळशाच्या खाणीचे काठ बरेचदा माती आणि मुरमाचे असतात, रोज पाणी चढउतार झालं तर ढासळायची भीती. मोजमाप जरूर करावं. पण माझ्या मते यवतमाळने दुपारी सौर पंपाने शेततळं भरून ठेवणं ही त्याहून स्वस्त साठवण आहे. त्या पाण्याची पुन्हा वीज करायची गरजच नाही, ते सकाळी हरभऱ्याला सोडायचं आहे.

घाटघर पाहायला जायचं तर ऐन पावसात जाऊ नका, ढगांत काहीच दिसत नाही. दिवाळीनंतर भंडारदऱ्याजवळच्या शेंडीहून रतनवाडी, साम्रद करत या. गुहेत तुम्हाला कोणी सोडणार नाही. वरच्या तलावाशी उभे राहा आणि काठावरची ओली रेघ पाहा. रेघ पाण्याच्या वर उघडी पडत चालली असेल, तर कुठे तरी दिवे लागलेले आहेत.