खरखर काढताना आजीचा आवाज पुसला जाऊ नये

१४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा ज्यांनी वयाच्या दहाव्या वर्षी पाहिला, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवणे, घरातल्या भीमगीतांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेणे ही कामे आता पुढे ढकलता येणार नाहीत. अडचण येते ती नंतर. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर असते, कॅसेटची खरखर असते. ती घालवायला आपण सॉफ्टवेअर उघडतो, सगळी बटणे शेवटपर्यंत सरकवतो आणि आजी पाण्याखालून बोलते आहे असे ऐकू येऊ लागते. म्हणून ही बटणे नेमके काय करतात, ते समजून घेऊ.

उदाहरणासाठी ऑडॅसिटी हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घेऊ. त्यातला ‘नॉइज रिडक्शन’ हा इफेक्ट दोन टप्प्यांत चालतो.

पहिला टप्पा : नमुना

ज्या जागी कोणी बोलत नाही, फक्त पंखा किंवा खरखर ऐकू येते, असा एखाद्या सेकंदाचा तुकडा निवडा आणि ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा. कोणता आवाज नकोसा आहे, हे सॉफ्टवेअर त्यावरून शिकते. या तुकड्यात आजीचा श्वास किंवा दबका हुंदका असेल, तर तोही ‘नकोसा’ ठरतो. म्हणून मुलाखत सुरू करण्यापूर्वी दहा सेकंद सर्वांनी शांत बसा आणि तेवढे रेकॉर्ड होऊ द्या. हा इफेक्ट एकसारख्या चालणाऱ्या आवाजावरच नीट काम करतो. मध्येच वाजलेला हॉर्न किंवा शेजारच्या खोलीतले बोलणे त्याने जात नाही.

दुसरा टप्पा : तीन आकडे

आता पूर्ण रेकॉर्डिंग निवडून इफेक्ट पुन्हा उघडा.

‘नॉइज रिडक्शन’ हा आकडा नकोसा आवाज किती डेसिबलने खाली आणायचा ते ठरवतो. ६ डेसिबल म्हणजे ध्वनिलहरीची उंची साधारण निम्मी. ६ पासून सुरुवात करा, गरज पडली तर १२ पर्यंत जा. खरखर पूर्ण नाहीशी करायचा हट्ट नको. शब्द स्पष्ट कळले की थांबा.

‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणजे कशाकशाला खरखर मानायचे याची मर्यादा. ती वाढवली की सॉफ्टवेअर जास्त संशयी होते आणि खरा आवाजही कापू लागते. स, श, छ, फ उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो. त्याचा आवाज खरखरीशी मिळताजुळता असल्याने आधी हीच अक्षरे बोथट होतात.

‘फ्रिक्वेन्सी स्मूदिंग’ हे कापाकापीच्या कडा शेजारच्या पट्ट्यांत पसरवते, त्यामुळे साफ केल्यावर उरणारी किणकिण कमी होते. बोलण्यासाठी हा आकडा थोडा जास्त चालतो. गाण्यासाठी, विशेषतः ढोलकी आणि टाळ असतील तर, तो कमीच ठेवा.

सर्वांत उपयोगी बटण

याच खिडकीत ‘रेसिड्यू’ नावाचा पर्याय आहे. तो निवडून ‘प्रीव्ह्यू’ केले की फक्त कापले जाणारे ऐकू येते. तिथे नुसती खरखर ऐकू आली तर आकडे बरोबर आहेत. आजीचे शब्द पुसटसे जरी ऐकू आले, तरी तुम्ही तिचाच आवाज फेकून देत आहात. आकडे खाली आणा, पुन्हा ऐका. तपासून झाल्यावर पर्याय परत ‘रिड्यूस’वर आणायला विसरू नका, नाहीतर हाती फक्त कचरा राहील.

विजेच्या जोडणीतून येणाऱ्या ‘हूं’ आवाजासाठी ‘नॉच फिल्टर’ वापरा. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. म्हणून आधी ५० आणि मग गरजेप्रमाणे १००, १५० हर्ट्झवर तो लावून पाहा.

काय ठेवायचे, कोण ठरवणार?

सॉफ्टवेअरला जात्याची घरघर आणि पंख्याची घरघर सारखीच. जात्यावरच्या ओवीत जाते हा गाण्याचाच भाग आहे, हे त्याला कळत नाही. मैदानातला ‘जय भीम’चा गजर, बोलता बोलता दाटून आलेला कंठ, मधली शांतता हा सगळा इतिहासच आहे. तो नकोसा आवाज नाही. हा निर्णय माणसानेच घ्यायचा, शक्यतो ज्यांचा आवाज आहे त्यांना ऐकवून.

मूळ फाइलला कधीही हात लावू नका. तिची प्रत काढून त्यावर काम करा, ती डब्ल्यूएव्ही स्वरूपात जतन करा आणि वापरलेले आकडे सोबत लिहून ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. अत्याचाराच्या प्रकरणातील जबाब असेल, तर ही काळजी अधिकच महत्त्वाची. साफ केलेली प्रत ऐकायला ठीक. पण पुरावा म्हणून मूळ रेकॉर्डिंग आणि शक्य तर तो मोबाइलही जपायला हवा.

उद्या याहून चांगले सॉफ्टवेअर येईल. मूळ फाइल असेल तर तेव्हा पुन्हा साफ करता येईल. पुसला गेलेला आवाज मात्र कुठल्याच बटणाने परत येत नाही.