कोणत्याही वयात सापडू शकतं जगण्याचं कारण

दुपारचे ३ वाजलेत. ओटा आवरून झाला, कपडे वाळत घातले, बाहेरगावी असलेल्या लेकीचा फोनही येऊन गेला. आता संध्याकाळच्या चहापर्यंत काय करायचं? टीव्ही लावता, मोबाइल चाळता आणि मध्येच मनात येतं, ‘रोज सकाळी मी उठते ती नेमकी कशासाठी?’

हा प्रश्न फक्त मुलं दूर गेलेल्या आईलाच पडतो असं नाही. निवृत्त होऊन सहा महिने झालेल्या गृहस्थांना तो पडतो, चांगला पगार मिळवणाऱ्या तिशीतल्या तरुणाला पडतो, घरच्यांनी निवडलेल्या शाखेत अडकलेल्या कॉलेजच्या मुलीलाही पडतो. आपल्यापैकी अनेकांना वाटतं, की एक दिवस अचानक उत्तर सुचेल आणि मग आपण कामाला लागू. त्या दिवसाची वाट पाहण्यात वर्षं जातात. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलट घडतं. आधी एखादं छोटं काम हाती येतं, उद्देश नंतर कळतो.

आधी काम, मग उद्देश

रमाबाई रानडे यांचंच उदाहरण घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालं. अक्षरओळखही पतीकडूनच, म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडून झाली. जानेवारी १९०१मध्ये ते गेले, तेव्हा रमाबाई चाळिशीच्याही नव्हत्या. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसावं हीच रीत होती. जवळपास वर्षभर त्या लोकांपासून दूर राहिल्या. त्यानंतर पुण्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. त्यांच्याशी बोलायचं, त्यांना चार चांगल्या गोष्टी वाचून दाखवायच्या, एवढंच काम.

पुणे सेवासदन उभं राहिलं ते १९०९मध्ये. पुढे तिथे कितीतरी स्त्रिया शिकल्या, शिक्षिका आणि परिचारिका होऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. पण सुरुवात कुठून झाली ते पाहा. दुःखात बुडालेली एक बाई घराबाहेर पडून दुसऱ्या दुःखी बायकांना भेटायला गेली. तेव्हा तिच्या हातात कोणत्याही संस्थेचा आराखडा नव्हता.

तुम्हाला कशाचा त्रास होतो?

‘माझी आवड कोणती?’ असं स्वतःला विचारलं की पुष्कळदा काहीच सुचत नाही. संसारात आवडी कधीच मागे पडलेल्या असतात. त्याऐवजी दोन वेगळे प्रश्न विचारून पाहा. पहिला, आजूबाजूची कोणती गोष्ट पाहून तुमचा जीव तुटतो? आणि दुसरा, लोक आपणहून तुमच्याकडे कशासाठी येतात?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. घरातला नातू सारखा आजारी पडू लागला. त्यांना वाटलं, संकरित बियाणं आणि फवारणीवर पिकवलेलं अन्न याला कारण असावं. मग त्यांनी जुनी गावरान बियाणी शोधून जपायला सुरुवात केली. वाल, भात, पालेभाज्या जमवता जमवता घरातच बियाण्यांची बँक उभी राहिली. २०२०च्या पद्मश्री पुरस्कारांत त्यांचं नाव आलं. जगण्याचा उद्देश वगैरे शोधायला त्या निघाल्या नव्हत्या. नातवाची काळजी होती आणि हातात शेतीचं ज्ञान होतं. त्या दोन गोष्टी एकत्र आल्या.

तुमच्याकडेही असं काहीतरी असतंच. शेजारची सून बाळाच्या मालिशसाठी तुम्हालाच बोलावते, सोसायटीतले लोक बँकेचा फॉर्म भरून घ्यायला तुमच्याकडे येतात. मुलाकडे बंगळुरूला राहायला गेलेल्या आजीला तिथली भाषा येत नसेल, पण त्याच इमारतीतल्या मराठी घरांतली मुलं मराठी वाचायला विसरत चालली आहेत, हे तिच्याच लक्षात येतं. रविवारी तासभर त्यांना जवळ बसवलं तर?

‘आता या वयात?’

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं, तेव्हा त्यांचं वय ५८ होतं. आज त्या वयात आपण निवृत्तीचे कागद गोळा करत असतो. ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी १९३६मध्ये आणखी एक संस्था सुरू केली, ती वयाच्या ७८व्या वर्षी!

तुम्ही म्हणाल, ती मोठी माणसं. बरं, मग ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव पाहा. ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी, सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत बसू लागल्या. अंगठा उठवण्याऐवजी स्वतःची सही करायची, एवढं कारणही त्या वयात पुरेसं ठरतं. त्यासाठी जग बदलावं लागत नाही.

खरी अडचण घरातच

वयापेक्षा मोठी अडचण बहुतेक वेळा घरातच असते. ‘तुला काय कमी आहे?’, ‘हे कशाला हवंय आता?’ असं कुणीतरी म्हणतंच. कुणी काही म्हटलं नाही तरी आपल्यालाच अपराधी वाटतं. सासूबाईंचं औषध, नातवाची शाळा, पाहुणे यांतून उरलेला वेळ स्वतःला द्यायचा म्हटलं, तर तो कधीच उरत नाही. म्हणून वेळ आधी ठरवा. आठवड्यातला एक दिवस आणि दोन तास पक्के करा. ते घरच्या कॅलेंडरवर लिहा, जसा गॅस सिलिंडरचा किंवा लाइट बिलाचा दिवस लिहिता तसा. त्या दोन तासांत चहा कोण करणार, हेही ठरवून टाका.

सुरुवातीलाच महागडा कोर्स, मशीन किंवा दुकानाच्या अनामत रकमेत पैसे घालू नका. १९५९मध्ये मुंबईच्या गिरगावात सात जणींनी ८० रुपये उधार घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. आजचं लिज्जत पापड तिथून सुरू झालं. तुम्हीही तीन महिने छोट्या प्रमाणात करून पाहा. मन रमलं नाही तर खुशाल सोडून द्या आणि दुसरं काही निवडा. चुकीचं काम निवडलं हेही तीन महिन्यांत कळलेलं बरं.

हेही लक्षात ठेवा

सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल तर ‘उद्देश नाही म्हणून असं होतंय’ अशी स्वतःची समजूत घालू नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

बाकी, उद्या दुपारचे ३ वाजतील तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा आणि कागदावर एकच नाव लिहा. तुमच्या दोन तासांचा ज्याला उपयोग होईल अशा एका माणसाचं. मग त्याला फोन करा.