परदेशात शिकविणाऱ्या शिक्षकांनो, घामाचा पैसा मागे सोडू नका!

वकिलीच्या व्यवसायात आमच्यापुढे नाना तऱ्हेचे कागद येतात. २०२३ साली एक निळी पुस्तिका आली. एक शिक्षिका भगिनी टोकियोतील एका शाळेत ३५ महिने गणित शिकवून २०२१ मध्ये गावी परतल्या होत्या. पगारातून दरमहा पेन्शनची रक्कम कापली जाते, हे त्यांना ठाऊक होते. मात्र देश सोडताना ती परत मागता येते, हे त्यांना ना शाळेने सांगितले, ना नोकरी लावून देणाऱ्या एजंटाने. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा जपान सोडून दोन वर्षे दोन महिने झाले होते. अर्जाची मुदत होती फक्त दोन वर्षांची!

ही एकट्या भगिनीची गोष्ट नव्हे. टोकियोच्या एडोगावा भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, तेथे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही आहेत. ज्या वस्त्यांत कालपर्यंत मॅट्रिक झालेला माणूस शोधावा लागे, त्या वस्त्यांतील मुले-मुली आज परदेशात शिकवायला जातात, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु पदवी मिळाली म्हणजे हक्क आपोआप मिळतो असे नाही. हक्काचा कायदा वाचावा लागतो, आणि त्यातली मुदत तर आधी वाचावी लागते.

जपानचा कायदा काय सांगतो? तेथील कर्मचारी पेन्शनचा हप्ता पगाराच्या १८.३ टक्के असतो. निम्मा मालक भरतो, निम्मा कामगाराच्या पगारातून जातो. सहा महिने वा अधिक हप्ते भरलेला आणि पेन्शनचा हक्क न मिळालेला परदेशी नागरिक देश सोडल्यावर एकरकमी परतावा मागू शकतो. मालकाचा वाटा त्याला मिळत नाही. पूर्वी हा परतावा जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा मिळे. एप्रिल २०२१ पासून ही मर्यादा ६० महिने झाली. ती आठ वर्षांपर्यंत नेण्याचे धोरण २०२५ च्या पेन्शन सुधारणेत ठरले आहे, पण असे बदल टप्प्याटप्प्याने लागू होतात. म्हणून अर्ज करताना त्या दिवशीचा नियम तपासावा.

आता हिशेब पाहा. हा परतावा सहा-सहा महिन्यांच्या पायऱ्यांनी मोजतात. पगार तीन लाख येन असेल आणि हप्ते ३६ महिन्यांचे असतील तर पगाराच्या ३.३ पट, म्हणजे ९ लाख ९० हजार येन होतात. हप्ते ३५ महिन्यांचे असतील तर मोजणी ३० महिन्यांची होते आणि २.७ पटीने ८ लाख १० हजार येनच मिळतात. एका महिन्यापायी १ लाख ८० हजार येन गेले! राजीनाम्याची तारीख ठरविण्यापूर्वी ही पायरी कोणी मोजतो काय?

या रकमेतून २०.४२ टक्के आयकर आधीच कापला जातो. तोही बहुतांशी परत मागता येतो. त्यासाठी जपानमध्ये राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीला कर-प्रतिनिधी नेमून तसे कर कार्यालयाला कळवावे लागते, आणि परतावा मंजूर झाल्याचे पत्र जपून ठेवावे लागते. ही मुदत पाच वर्षांची आहे. पगारातून नव्हे तर स्वतः राष्ट्रीय पेन्शनचे हप्ते भरणाऱ्यांच्या परताव्यातून मात्र हा कर कापत नाहीत.

परंतु परतावा घेण्याचीही एक किंमत आहे. एकदा तो घेतला की तेथील सारा सेवाकाळ पुसला जातो. आठ वर्षे हप्ते भरणाऱ्याला आज पाच वर्षांचेच पैसे मिळतील, पण पुसली जातील आठही वर्षे. जपानमध्ये पेन्शनसाठी पूर्वी २५ वर्षे लागत, ऑगस्ट २०१७ पासून १० वर्षे पुरतात. त्यात भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. आपल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खालचा सेवाकाळ त्यानुसार जपानच्या दहा वर्षांच्या अटीसाठी जोडता येतो.

आमच्या त्या भगिनीचे दार इथेच उघडले. जपानला जाण्यापूर्वी त्यांनी आठ वर्षे खासगी शाळेत नोकरी केली होती, त्या काळात निवृत्तिवेतन योजनेचे पैसे भरले गेले होते आणि त्यांनी ते काढून घेतले नव्हते. आठ वर्षे आणि ३५ महिने मिळून दहा वर्षे ओलांडली जातात. परतावा बुडाला, पण परतावा न घेतल्यामुळेच नोंद शाबूत राहिली. वयाच्या ६५ व्या वर्षी जपानमधील काळाच्या प्रमाणात त्या पेन्शन मागू शकतील. रक्कम लहान असेल, पण ती हयातभराची असेल. हाती काही उरले नाही म्हणून त्या ती पुस्तिका रद्दीत टाकायला निघाल्या होत्या!

म्हणून परत येणाऱ्या शिक्षकांना आमचे सांगणे आहे. निघण्यापूर्वी वॉर्ड कार्यालयात स्थलांतराची नोंद करा, कारण जपानमध्ये पत्ता शिल्लक असेल तर अर्ज मंजूर होत नाही. पेन्शन क्रमांक, पासपोर्टची प्रत आणि बँक खात्याचा दाखला जवळ ठेवा. शाळेच्या पेन्शनचे काम निवृत्तिवेतन संस्थेकडे आहे की खासगी शाळांच्या परस्पर साहाय्य संस्थेकडे, हे लेखी विचारा. आणि सर्वांत आधी दोन्ही देशांतील सेवाकाळाची बेरीज करा. मगच रोख घ्यायची की पेन्शन राखायची ते ठरवा.

हा पैसा म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. तो फळ्यासमोर उभे राहून कमावलेला पगार आहे. जो तो मागणार नाही, त्याच्या दारी तो चालत येणार नाही.