रुग्णशय्येवरील कुंचला

१९३८ साली, क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध नसल्याने दीर्घ विश्रांतीवरच बव्हंशी भिस्त ठेवावी लागे अशा काळात, एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार मिडहर्स्टच्या आरोग्यधामात दाखल झाला आणि अंथरुणावरूनच भोवतालच्या वस्तूंची रेखाटने करू लागला. पुढे महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांच्या हातीही त्याने रंग दिले आणि १९४५ साली हा सारा अनुभव ग्रंथरूपाने मांडला. चित्रे काढल्याने जंतू मरत नाहीत, हे निःसंदिग्धपणे सांगितलेच पाहिजे. परंतु ज्याचे उठणे, जेवणे, निजणे इतरांच्या हुकमाने चालते, त्या रुग्णाला कागदाच्या त्या लहानशा मुलखात कोणता रंग कोठे द्यावा हे स्वतः ठरवण्याचा अखत्यार परत मिळतो, आणि व्याधीभोवती अहोरात्र घुटमळणारे चित्त काही काळ तरी दुसरीकडे गुंतते. माझ्या मते, या उपक्रमाचे खरे सामर्थ्य येथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा परामर्श घेऊन कलेचे आरोग्यातील स्थान मान्य केले. आपल्या इस्पितळांच्या व्यवस्थापकांनीही औषधांच्या खर्चाबरोबर कागद, रंग आणि शिकवणाऱ्या एका कलावंताच्या वेतनाची तजवीज अवश्य करावी.